नेट लागत नाही? आधी निदान, मग उपचार

ताप आला म्हणून शेजाऱ्यांनी, मेव्हण्यांनी आणि औषधाच्या दुकानदाराने सुचवलेल्या सगळ्या गोळ्या एकाच दिवशी घेणाऱ्या रुग्णाला डॉक्टर रागावतात. गोळ्या वाईट असतात असे नव्हे, पण त्यानंतर ताप कशाने आला आणि कशाने उतरला, हे कोणालाच सांगता येत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हाच प्रकार सर्रास घडतो. यूएसबीच्या खाचेत लावायचे मोबाइल इंटरनेटचे डोंगल चालेनासे झाले, की कोणी सिम बदलतो, कोणी ड्रायव्हर पुन्हा टाकतो, कोणी सगळी कार्यप्रणालीच पुसून नव्याने बसवतो. डोंगल चालले तर का चालले ते कळत नाही. नाही चालले तर ते कचऱ्यात जाते. बिघाड एका ठिकाणी आणि दुरुस्ती भलत्याच ठिकाणी, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हा विषय आज पुन्हा घरोघरी येण्याचे कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चे नियमित पाठबळ थांबवले. 'विंडोज ११' ज्यांवर चालत नाही असे, पण एरवी धडधाकट असलेले लॅपटॉप मोडीत काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स टाकण्याचा पर्याय अनेक जण निवडतात. लिनक्स मोफत असते, जुन्या यंत्रावरही बरे चालते. मग खणातले जुने डोंगल बाहेर निघते आणि इथेच गाडी अडते. जिथे वायफाय नाही, घरातला एकमेव स्मार्टफोन दिवसभर कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची मुदत उद्या संपते आहे, तिथे ही अडचण किरकोळ राहत नाही. अशा वेळी पुष्कळदा डोंगल शाबूत असते. साखळीतली एखादीच कडी निसटलेली असते. ती कोणती, हे शोधायला फार ज्ञान लागत नाही. प्रश्न योग्य क्रमाने विचारावे लागतात.

डोंगलपासून संकेतस्थळापर्यंतची साखळी साधारण सहा कड्यांची आहे. डोंगलला वीज मिळते का, संगणक त्याला काय म्हणून ओळखतो, ड्रायव्हर जोडला गेला का, सिम उघडले का, टॉवरने दारात घेतले का आणि शेवटी डेटा वाहतो का. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायची आणि पहिले 'नाही' जिथे मिळेल तिथेच थांबायचे. दोष तिथे असतो, त्याच्या पुढच्या कड्या तपासण्यात अर्थ नसतो.

वीज पुरते का?

यूएसबी २.० च्या खाचेतून ५ व्होल्टवर कमाल ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो, म्हणजे जेमतेम अडीच वॅट. डोंगलच्या आत एक छोटा रेडिओ प्रक्षेपक असतो. टूजीच्या जाळ्यावर बोलताना हा प्रक्षेपक सतत चालू नसतो. तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळाचे झटके देत लहरी सोडतो, पण त्या क्षणी त्याची शक्ती २ वॅटपर्यंत जाऊ शकते. साठवलेली वीज त्या क्षणापुरती पुरवायला आत धारित्रे बसवलेली असतात. तरीही लांब आणि बारीक तारेची एक्स्टेन्शन, स्वतःची वीज नसलेला स्वस्त हब किंवा सैल झालेली खाच मध्ये आली, की पुरवठा कोसळतो. दिवा लागतो, डोंगल दिसते, जोडणीही होते आणि मोठी फाइल उतरवायला घेतली की सगळे तुटते. टॉवर दूर असेल तर डोंगलला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून कमी रेंजच्या ठिकाणी हा त्रास अधिक जाणवतो.

यावरचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. हब आणि वायर काढून डोंगल थेट लॅपटॉपला लावावे, शक्यतो दुसऱ्या खाचेत. टेबलावरच्या मोठ्या संगणकात पुढच्या खाचांऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या खाचा वापराव्यात. एवढ्याने फरक पडला, तर पुढचे काहीच करायची गरज नाही.

दाखवायचे दात वेगळे

डोंगलचा दिवा लागतो, पण संगणकाला मोडेम सापडत नाही. उलट पडद्यावर एखादी सीडी घातल्यासारखे चिन्ह उमटते. लिनक्सवर डोंगल न चालण्याच्या तक्रारींत हे लक्षण अगदी नेहमीचे आणि गोंधळात टाकणारेही. आपण तर सीडी घातलेली नाही, मग ती आली कुठून?

ती डोंगलमध्येच आहे. ही उपकरणे बाजारात आली तेव्हा ग्राहकाला ड्रायव्हरची वेगळी सीडी द्यावी लागे. ती हरवायची आणि छोट्या लॅपटॉपना तर सीडी घालायची सोयच नसे. उत्पादकांनी तोड काढली. डोंगलमध्येच थोडी स्मृती ठेवायची, त्यात विंडोजचा ड्रायव्हर भरायचा आणि लावताक्षणी डोंगलने आपण सीडीचा ड्राइव्ह असल्याचे सोंग घ्यायचे. विंडोज ती 'सीडी' उघडते, ड्रायव्हर बसवते आणि मग तोच ड्रायव्हर डोंगलला सांगतो, आता सोंग पुरे, मोडेम हो. बेल्जियमच्या 'ऑप्शन' या कंपनीने या युक्तीला 'झिरोसीडी' असे नाव दिले होते. पुढे हुआवे, झेडटीई अशा अनेक उत्पादकांच्या डोंगलमध्ये हीच रीत आली.

विंडोजवाल्याला ही सोय वाटली, पण लिनक्सवर ती अडचण ठरली. सोंग पुरे असे सांगणारा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी लिहिलेला. लिनक्सला समोर सीडी दिसते, ते तिला प्रामाणिकपणे सीडी मानते आणि डोंगल पुढच्या आज्ञेची वाट पाहत बसते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. फक्त निरोप पोहोचलेला नसतो.

तो निरोप पोहोचवण्याचे काम 'यूएसबी मोडस्विच' नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम करतो. तो जोशुआ डिट्झ यांनी लिहिला. वेगवेगळ्या डोंगलना नेमका कोणता निरोप लागतो, हे कंपन्यांनी सांगितले नव्हते. तेव्हा वापरकर्त्यांनी विंडोजवर डोंगल लावून यूएसबीच्या तारेतून जाणारे संदेश टिपले, त्यांतला कळीचा संदेश वेगळा काढला आणि तो सर्वांसाठी खुला केला. कित्येक हुआवे डोंगलना हा निरोप अवघ्या ३१ बाइटचा लागतो. काहींना तर 'सीडी बाहेर काढ' एवढीच साधी आज्ञा पुरते. अशा शेकडो उपकरणांची यादी आज या प्रोग्रॅमबरोबर येते.

सोंग उतरले की नाही, हे पाहायला टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' ही पाच अक्षरांची कमांड द्यायची. जोडलेल्या प्रत्येक यूएसबी वस्तूपुढे दोन भागांचा क्रमांक दिसतो. पहिला भाग उत्पादकाचा, दुसरा वस्तूच्या रूपाचा. हुआवेच्या ई-१५५० या डोंगलचा क्रमांक लावल्यावर '१२डी१:१४४६' असा दिसतो. यातले १२डी१ म्हणजे हुआवे आणि १४४६ म्हणजे सीडीचे सोंग. मोडेम झाल्यावर पहिला भाग तोच राहतो, दुसरा बदलून १००१ किंवा तसाच दुसरा एखादा होतो. डोंगल लावून अर्धा मिनिट थांबावे आणि कमांड पुन्हा द्यावी. दुसरा भाग बदलला तर ही कडी शाबूत आहे. सीडी दिसत असूनही तो तसाच राहिला, तर दोष इथेच आहे. क्रमांकच मुळी दिसत नसेल, तर वीज, खाच किंवा खुद्द डोंगल यांचा संशय घ्यावा. तेच डोंगल दुसऱ्या संगणकावरही दिसले नाही, तर ते खरोखर गेले, असे मानायला हरकत नाही.

बऱ्याच प्रचलित लिनक्स वितरणांत मोडस्विच आधीच असतो. हलक्या, काटछाट केलेल्या वितरणांत तो नसू शकतो. मग पेच उभा राहतो. प्रोग्रॅम उतरवायला नेट हवे आणि नेटसाठी प्रोग्रॅम हवा. यातून सुटायचे तर एखादा अँड्रॉइड फोन दहा मिनिटांसाठी मागून घ्यावा, तो केबलने लॅपटॉपला जोडावा आणि त्यातले 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. सहसा लिनक्सला त्यासाठी वेगळे काही लागत नाही. तेवढ्या वेळात 'यूएसबी मोडस्विच' आणि त्याची उपकरणांची यादी बसवून घ्यावी. तेही जमत नसेल, तर पडद्यावरच्या त्या सीडीच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करून पाहावे. काही डोंगल एवढ्यानेही सोंग टाकतात.

ड्रायव्हर आणि भाषा

मोडेम म्हणून प्रकट झालेल्या डोंगलशी बोलायला लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच ड्रायव्हर असतात. ते वेगळे उतरवावे लागत नाहीत. जुन्या थ्रीजी डोंगलसाठी असलेल्या ड्रायव्हरचे नावच 'ऑप्शन' आहे, त्याच बेल्जियन कंपनीवरून पडलेले. तो जोडला गेला, की 'टीटीवाययूएसबी' या नावाने सुरू होणारी दोन-तीन दारे तयार होतात. या दारांतून मोडेमशी जी भाषा बोलली जाते ती फार जुनी आहे. अमेरिकेतल्या हेज कंपनीने १९८१ मध्ये आपल्या 'स्मार्टमोडेम'साठी ती आणली. तिची प्रत्येक आज्ञा 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होते. 'अटेन्शन'चा, म्हणजे 'इकडे लक्ष दे' याचा हा संक्षेप. टेलिफोनच्या तारेवर सेकंदाला ३०० बिट पाठवणाऱ्या त्या मोडेमची भाषा कितीतरी डोंगल आजही बोलतात.

नव्या फोरजी डोंगलपैकी काही याहून वेगळी वागतात. ती स्वतःच एक छोटा राउटर असतात आणि संगणकाला नेटवर्क कार्डासारखी दिसतात. हुआवेच्या 'हायलिंक' प्रकारच्या डोंगलमध्ये ब्राउझरात १९२.१६८.८.१ हा पत्ता टाकला, की त्यांचे पान उघडते आणि सगळी व्यवस्था तिथेच करायची असते. अशा डोंगलसाठी लिनक्समध्ये मोडेम शोधत बसणे व्यर्थ आहे, कारण संगणकाच्या दृष्टीने तिथे मोडेम नसतोच.

या टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहावी. लिनक्समध्ये 'मोडेममॅनेजर' नावाची सेवा पडद्यामागे डोंगलशी बोलत असते. कोणाच्या तरी सल्ल्याने 'डब्ल्यूव्हीडायल'सारखा जुना डायलर जोडीला बसवला, तर दोघे एकाच दाराशी भांडू लागतात आणि जोडणी कधी लागते, कधी लागत नाही. दोघांपैकी एकच ठेवावा. सामान्य वापरासाठी मोडेममॅनेजरच पुरेसा आहे.

सिम, टॉवर आणि बंद झालेली जाळी

'एमएमसीएलआय' ही कमांड, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला जोडून मोठ्या लिपीतले 'एल' असे लिहिले, की मोडेममॅनेजरला सापडलेल्या मोडेमांची यादी येते. 'एल'च्या जागी छोटे 'एम' आणि यादीतला मोडेमचा क्रमांक दिला, की त्याची पूर्ण प्रकृती समजते. त्यातली 'स्टेट' ही ओळ महत्त्वाची. 'लॉक्ड' म्हणजे सिमला पिन हवा आहे. 'फेल्ड' आणि शेजारी 'सिम-मिसिंग' म्हणजे सिम नीट बसलेले नाही. 'सर्चिंग' म्हणजे डोंगल टॉवर शोधते आहे. 'रजिस्टर्ड' म्हणजे टॉवरने दारात घेतले. 'कनेक्टेड' म्हणजे डेटाची वाट उघडली.

पिनच्या बाबतीत अंदाज मारणे महागात पडते. पिन ३ वेळा चुकला की सिम 'पीयूके' मागते आणि तो १० वेळा चुकला की सिम कायमचे निकामी होते. पिन आठवत नसेल तर तिसरा प्रयत्न करण्यापेक्षा कंपनीच्या दुकानातून पीयूके मिळवणे शहाणपणाचे.

'सर्चिंग'वर काटा अडकून बसला, तर आधी रेंज पाहावी. मोडेम सिग्नलची ताकद ० ते ३१ या मोजपट्टीवर सांगतात आणि मोडेममॅनेजर तिची टक्केवारी करून दाखवतो. ३१ पैकी १० च्या खाली आकडा असेल तर डोंगल खिडकीशी नेऊन पाहावे. मात्र खिडकीशी नेऊनही आकडा शून्याजवळच राहत असेल, तर एक कठोर शक्यता विचारात घ्यावी लागते. ते डोंगल ज्या जाळ्यासाठी बनवले होते, ते जाळेच आता उरलेले नसेल.

भारतात थ्रीजी आणले सरकारी कंपन्यांनी. एमटीएनएलने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत, तर बीएसएनएलने २००९ मध्ये. खासगी कंपन्यांना २०१० च्या लिलावात त्या लहरी मिळाल्या आणि त्यानंतर डोंगलचे दिवस आले. एअरटेलने २०२० पर्यंत आपले थ्रीजी गुंडाळले. व्होडाफोन आयडियानेही त्या लहरी फोरजीकडे वळवल्या. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओकडे टूजी, थ्रीजी कधी नव्हतेच. म्हणजे फक्त थ्रीजी समजणाऱ्या डोंगलमध्ये जिओचे सिम घातले, तर ते कधीही चालणार नाही, मग लिनक्स असो वा विंडोज. एकेकाळी गाजलेल्या टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट यांच्या सीडीएमए डोंगलचीही तीच गत. त्यांतल्या अनेकांत सिमची खाचच नसे आणि त्यांची जाळी केव्हाच बंद झाली आहेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जुन्या डोंगलसाठी नवे सिम, नवा रिचार्ज घेण्याआधी त्याच्या पाठीवरचे मॉडेल पाहून ते फोरजी आहे का, हे तपासावे. एका कंपनीने दिलेले डोंगल तिच्याच सिमपुरते बांधलेले असण्याचीही शक्यता असते. तेव्हा दुसऱ्या कंपनीचे चालू सिम सिम म्हणून ओळखले जाते, पण डोंगल ते स्वीकारत नाही.

नाव, गाव, पत्ता

'रजिस्टर्ड' आले, पण 'कनेक्टेड' येत नाही, तेव्हा संशय 'एपीएन'वर घ्यावा. एपीएन म्हणजे कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचे नाव. जिओचे 'जिओनेट', बीएसएनएलचे 'बीएसएनएलनेट', एअरटेलचे 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम'. ही नावे इंग्रजी लिपीत, मध्ये जागा न सोडता टाकायची. नेटवर्कच्या व्यवस्थेत 'मोबाइल ब्रॉडबँड'ची नवी जोडणी केली की ते विचारले जाते. जुन्या कंपनीचे नाव तिथे राहून गेले आणि सिम मात्र नवे, ही चूक फार वेळा होते. डायल करायचा क्रमांक विचारला तर तारांकन, ९९ आणि हॅश. नाव आणि पासवर्डची जागा सहसा रिकामी ठेवायची. डेटा पॅक संपलेला नाही ना, हेही तेच सिम फोनमध्ये घालून इथेच पाहून घ्यावे.

'कनेक्टेड' दिसते, पण एकही पान उघडत नाही, अशीही वेळ येते. तेव्हा टर्मिनलमध्ये 'पिंग' लिहून पुढे ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता द्यावा. उत्तरे येऊ लागली तर नेट सुरू आहे. बिघडली आहे ती डीएनएस सेवा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा. जोडणीच्या व्यवस्थेत डीएनएसच्या रकान्यात हाच पत्ता लिहिला की काम भागते. उत्तरे आलीच नाहीत, तर पुन्हा एपीएन आणि डेटा पॅककडे वळावे.

आयती औषधे टाळावीत

या सगळ्या तपासणीत यंत्र स्वतःही बोलत असते. 'डीमेसग' ही कमांड कर्नलची रोजनिशी दाखवते. काही वितरणांत तिच्यापुढे 'सुडो' लिहावे लागते. डोंगल लावून लगेच ती पाहिली, तर शेवटच्या दहा-पंधरा ओळींत डोंगल केव्हा दिसले, सीडी म्हणून की मोडेम म्हणून, मध्येच तुटले का, हे क्रमाने लिहिलेले सापडते. काही मिनिटांच्या अंतराने 'डिसकनेक्ट' ही नोंद पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर सिम आणि एपीएन सोडून सरळ पहिल्या कडीकडे, वीज आणि खाचेकडे परतावे. कोणाची मदत घ्यायची झाली तरी 'चालत नाही' एवढेच सांगण्यापेक्षा या ओळी आणि 'एलएसयूएसबी'चा क्रमांक दाखवला, तर जाणकाराला निदान पटकन करता येते.

'सुडो' म्हणजे प्रशासकाचा पूर्ण अधिकार. अनोळखी ठिकाणाहून उचललेल्या, अर्थ न कळलेल्या कमांड 'सुडो'सह चालवणे म्हणजे चिठ्ठीशिवाय जहाल औषध घेण्यासारखे आहे. दहा वर्षांपूर्वीच्या लिनक्ससाठी लिहिलेला उपाय आजच्या लिनक्सवर चालू असलेली गोष्टही बिघडवू शकतो. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहून ठेवावा, परिणाम पाहावा आणि उपयोग झाला नाही तर तो बदल मागे घेऊनच पुढचा करावा.

या क्रमाने गेले तर अर्ध्या तासात दोनपैकी एक उत्तर हाती येते. एक तर निसटलेली कडी सापडते आणि बहुधा एक पैसाही खर्च न करता डोंगल चालू लागते, किंवा त्याचे जाळेच काळाआड गेल्याचे नक्की कळते आणि नवे फोरजी डोंगल घ्यायचा निर्णय डोळसपणे करता येतो. अर्जाची मुदत उद्यावर आलेली असताना, आपण नेमके कुठे अडलो आहोत हे कळणे ही अर्धी दुरुस्तीच असते.